समुपदेशकाची पाटी कशी वाचायची

कुठलीही वैद्यकीय पदवी नसताना कुणी दवाखाना थाटला तर त्याला बोगस डॉक्टर म्हणतात, धाड पडते, गुन्हा दाखल होतो. समुपदेशन केंद्र थाटलं तर उद्घाटनाला नगरसेवक येतात. हा फरक कायद्यातच आहे. भारतात ‘समुपदेशक’ म्हणून काम करायला परवाना लागेल अशी व्यवस्था अजून प्रत्यक्षात बसलेली नाही. दोन दिवसांचं ऑनलाइन सर्टिफिकेट घेतलेला माणूस आणि पाच-सहा वर्षं शिकून, देखरेखीखाली शेकडो तास काम केलेला माणूस एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, अगदी सारखी पाटी लावून बसू शकतात.

कायदे नाहीत असं मात्र नाही. तीन आहेत, आणि तिघांच्या मधल्या फटीत समुपदेशक सापडला आहे.

पहिला १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा. ही परिषद, म्हणजे आरसीआय, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट, विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट अशांची केंद्रीय नोंदवही ठेवते. नोंदणी नसताना या व्यवसायांत काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. (मुंबई-पुण्यात अनेक ठिकाणी एका सेशनची फी या दंडापेक्षा जास्त आहे.) पण साध्या समुपदेशनाचं, म्हणजे काउन्सेलिंग सायकॉलॉजीचं शिक्षण घेतलेल्याला या वहीत जागाच नाही. त्यामुळे ‘आरसीआय नंबर नाही म्हणजे भोंदू’ हा व्हॉट्सअॅपवर फिरणारा नियम चुकीचा आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी समुपदेशनाचं उत्तम पूर्णवेळ प्रशिक्षण घेतलेल्यांकडेही तो नंबर नसतो, कारण त्यांच्या शाखेला तो मिळतच नाही.

दुसरा कायदा २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २९ मे २०१८ पासून लागू झालेला. त्यात ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ कोण, याची व्याख्या आहे: मानसोपचारतज्ज्ञ, राज्य प्राधिकरणाकडे नोंद असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोविकार परिचारिका आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्कर, शिवाय आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, सिद्ध या शाखांत मनोविकाराचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेले. या यादीत समुपदेशक नाही.

तिसरा २०२१ चा संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय राष्ट्रीय आयोगाचा कायदा. फट बुजवायची ती यानंच. त्याच्या परिशिष्टात वर्तन-आरोग्याचा वेगळा गट आहे आणि त्यात मानसशास्त्रज्ञ, वेगवेगळ्या प्रकारचे आरोग्य समुपदेशक, वैद्यकीय सामाजिक कार्यकर्ते येतात. ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांत पसरलेली पदवी लागेल. राज्य परिषदा आणि त्यांच्या नोंदवह्या नीट चालू झाल्या की पुढच्या पिढीच्या पाट्या बदलतील. त्याची एक झळ आधीच लागली आहे. या कायद्याखाली येणारे मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन चालवू नका, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बजावलं. पत्राद्वारे एम. ए. मानसशास्त्र करून ‘प्रॅक्टिस’ सुरू करण्याची वाट त्यामुळे बंद होत आली आहे. नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्या बायकांचं यात नुकसान आहे, हे खरं. पण समोर माणूस न बसवता समुपदेशन शिकता येत नाही, हेही तितकंच खरं.

आता पाटी. समजा तिच्यावर असं लिहिलंय: ‘डॉ. अमुक, एम. ए. (मानसशास्त्र), पीएच.डी., पदव्युत्तर समुपदेशन पदविका, सर्टिफाइड सीबीटी प्रॅक्टिशनर, एनएलपी मास्टर, हिप्नोथेरपिस्ट.’

‘डॉ.’ पाशीच थांबा. हे डॉक्टर वैद्यकीय असतील, होमिओपॅथीचे असतील किंवा पीएच.डी. चे. मानसशास्त्रातली पीएच.डी. हा संशोधनाचा दाखला आहे. कामगारांच्या समाधानावर प्रबंध लिहिलेल्यानं कधी एकही रुग्ण पाहिलेला नसेल. एम. ए. किंवा एम. एस्सी. हा पाया. तो नसेल तर पुढचं वाचूच नका. मात्र सामाजिक कार्यातली एम.एस.डब्ल्यू. हाही तितकाच पक्का पाया आहे. एम. ए. त स्पेशलायझेशन कशात, हे विचारावं लागतं, कारण औद्योगिक मानसशास्त्र आणि समुपदेशन यांत प्रात्यक्षिकाचं अंतर मोठं आहे. पदव्युत्तर पदविका बहुधा एक वर्षाची. ती चांगली की कागदी, हे तिच्यात प्रत्यक्ष केसेस किती होत्या यावर ठरतं. ‘सर्टिफाइड सीबीटी’ (सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती) हे सहा तासांच्या रेकॉर्डेड व्हिडिओचंही असतं आणि वर्षभराच्या देखरेखीतल्या प्रशिक्षणाचंही. पाटीवर दोन्ही सारखेच दिसतात. एनएलपी (न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग), ग्राफोलॉजी (हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणं), लाइफ कोच, टॅरो ही अक्षरं पात्रतेत धरायची नाहीत. पदवीपेक्षा हीच नावं ठळक छापली असतील तर माझ्या मते तो जिना चढायचं कारण नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पाटी वेगळी असते: एम. ए. नंतर रुग्णालयात पूर्णवेळ दोन वर्षांचं एम. फिल. किंवा साय.डी., आणि खाली आरसीआयचा सीआरआर क्रमांक, म्हणजे केंद्रीय नोंदवहीतला नोंदणी क्रमांक. हा क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर टाकला की नाव, पात्रता आणि नोंदणीची मुदत दिसायला हवी. मुदत संपलेली असते, नाव भलत्याच वर्गात असतं (विशेष शिक्षकाचा क्रमांक दाखवून ‘आरसीआय रजिस्टर्ड सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घेणारे असतात), म्हणून नुसता क्रमांक पाहून समाधान मानू नका, वर्ग वाचा. एम. फिल. ही पदवीच नव्या शैक्षणिक धोरणात बंद होत चालली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्क या दोन शाखांना २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली होती. तेव्हा येत्या काही वर्षांत तरुण मंडळींच्या पाट्यांवर दुसरी अक्षरं दिसली तर दचकू नका.

सायकिअॅट्रिस्ट, म्हणजेच मानसोपचारतज्ज्ञ, हा एमबीबीएसनंतर एम. डी., डीएनबी किंवा डी.पी.एम. केलेला डॉक्टर. त्याची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. या सगळ्या मंडळींत मनोविकारावरच्या गोळ्या लिहून देणारा तो.

पण अक्षरांपेक्षा महत्त्वाचा एक प्रश्न आहे आणि तो जवळजवळ कुणी विचारत नाही: ‘तुमची सुपरव्हिजन कोण करतं?’ म्हणजे तुमच्या कामावर देखरेख कुणाची?

अमेरिकेतला परवाना याच प्रश्नाभोवती उभा आहे. न्यू यॉर्कमध्ये ‘लायसन्स्ड मेंटल हेल्थ काउन्सेलर’ व्हायचं तर ६० क्रेडिटची मास्टर्स पदवी, त्यानंतर देखरेखीखाली ३,००० तासांचं काम आणि मग परीक्षा. अनेक राज्यांत जी परीक्षा लागते, तिच्यात व्याख्या घोकून चालत नाही. पुढ्यात एक केस येते आणि आता काय विचाराल, कशाची शंका घ्याल, कुठे पाठवाल, असं विचारत जातात. तिथल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात पदवी हातात पडायच्या आधीच १०० तासांचं प्रॅक्टिकम (प्रात्यक्षिक) आणि ६०० तासांची इंटर्नशिप झालेली असते. पहिला कायदा व्हर्जिनियात १९७६ मध्ये झाला आणि शेवटचा कॅलिफोर्नियात २००९ मध्ये, म्हणजे त्यांनाही हे घडवायला तेहतीस वर्षं लागली.

परवाना मात्र राज्यापुरता. आणि पाहतात ते समुपदेशक कुठे बसलाय हे नव्हे, तर क्लायंट त्या क्षणी कुठे बसलाय हे. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी मुलीला मराठीतून बोलायचं म्हणून पुण्यातल्या समुपदेशकाशी झूमवर सेशन सुरू होतात. फी परवडते, ‘सासूबाई’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. पण न्यू जर्सीच्या नजरेत तो परवानाधारक नाही, तिथला विमा एक डॉलर परत करणार नाही, आणि रात्री तिचा तोल गेला तर पुण्यात बसून तिच्या दारी कुणाला पाठवणार? सूज्ञ समुपदेशक पहिल्याच सेशनला तिचा पूर्ण पत्ता, जवळच्या एका माणसाचा फोन आणि तिथला ९८८ हा संकटकाळचा हेल्पलाइन क्रमांक वहीत लिहून घेतो. पलीकडचं राज्य हे चालू देत नसेल तर तिथल्या मराठी किंवा हिंदी बोलणाऱ्या परवानाधारकाकडे पाठवतो.

‘म्हणजे पदवी नाही तर काहीच नाही’ असा निष्कर्ष मात्र गोव्यात खोटा ठरला. ‘संगत’ या संस्थेनं तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी स्थानिक लोकांनाच प्रशिक्षण दिलं. त्यांच्यापैकी कुणाकडे मानसशास्त्राची व्यावसायिक पात्रता नव्हती. सहा ते आठ सेशनचा, रोजच्या हालचाली आणि कामं पुन्हा सुरू करण्यावर भर देणारा कार्यक्रम त्यांनी चालवला. नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याचा परिणाम सरस असल्याचं २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलं. हे उदाहरण दाखवून ‘बघा, पदवी लागत नाही’ म्हणणारे एक गोष्ट गाळतात: त्यांचे सेशन रेकॉर्ड व्हायचे, गटात बसून ऐकले जायचे आणि त्यांना गुण दिले जायचे. खासगी प्रॅक्टिसमध्ये वीस वर्षांत ज्याचं एकही सेशन दुसऱ्या कुणी ऐकलेलं नाही, त्याच्यापेक्षा हे परवडलं. म्हणून विचारा. उत्तर ‘दर पंधरा दिवसांनी सीनियरसोबत बसतो, नाव न सांगता केसेस मांडतो’ असं आलं तर उत्तम. ‘मला त्याची गरज पडत नाही’ असं आलं, तर उठायला हरकत नाही.

समुपदेशक नेमकं काय करतो, ते पहिल्या सेशनमध्येच दिसतं, म्हणून तिथे थोडं रेंगाळू. साधारण ५० मिनिटांचा तो वेळ. सुरुवातीला संमतीपत्रक यायला हवं, आणि ते नुसतं सही करायला सरकवलेलं नको. फी किती, सेशन किती तास आधी रद्द करता येतं, नोंदी कुठे ठेवल्या जातात, आणि मुख्य म्हणजे गुप्तता कुठे संपते. ती संपते अशा जागा ठरलेल्या आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, आणि अठरा वर्षांखालच्या मुलावरचा लैंगिक अत्याचार. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती मिळालेल्या कुणालाही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे सोळा वर्षांच्या मुलीला तिनं सगळं सांगून टाकल्यावर कळवणं म्हणजे विश्वासघातच. चांगला समुपदेशक ती तोंड उघडायच्या आधी सांगतो. पालकांशीही तेव्हाच ठरवून घेतो: धोक्याचं असेल ते तुम्हाला कळेल, बाकीचं तिचं तिच्यापाशी. ‘काय बोलली हो आज?’ असं दारातच विचारणाऱ्या आईला जो सगळं सांगून टाकतो, त्याच्याकडे ती मुलगी पुढच्या खेपेला हवापाण्याच्या गप्पा मारते.

मग माहिती घेणं. झोप, भूक, औषधं, दारू-तंबाखू, घरात कुणाला असा त्रास होता का, थायरॉइड तपासलंय का. शेवटचा प्रश्न अनेकांना विचित्र वाटतो. थायरॉइड बिघडलं, रक्त कमी झालं, बी-१२ घसरलं तरी माणूस नैराश्य आल्यासारखाच दिसतो, आणि त्याच्याशी सहा महिने बालपणाबद्दल बोलून काही होत नाही.

पुष्कळ जण एक प्रश्नावली भरायला देतात, पीएचक्यू-९. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा वर गुण आले तर नीट तपासणी हवी, एवढाच त्याचा अर्थ. ते निदान नव्हे. ऑनलाइन भरून ‘मला १४ आले, म्हणजे मला डिप्रेशन आहे’ असं जाहीर करायची फॅशन आहे, ती सोडा. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. बेरीज अवघी सहा आली असेल आणि नवव्यावर १ असेल, तरी तयार माणूस तिथेच थांबतो आणि सरळ शब्दांत विचारतो: ‘जीव द्यावा असं वाटतं का? कसा, ते ठरवलंय का? त्या वस्तू घरात आहेत का?’ असं विचारल्यानं डोक्यात विचार घुसतो, हा गैरसमज आहे. विचारल्यानं माणसाला सुटल्यासारखं वाटतं. पुढे दोघं मिळून कागदावर योजना लिहितात: तोल जातोय हे कशावरून कळतं, तेव्हा स्वतः काय करायचं, कुणाला फोन करायचा, कुठल्या दवाखान्यात जायचं, आणि धोक्याच्या वस्तू कुणाच्या ताब्यात द्यायच्या. शेतकरी घरात यातली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची असते. फवारणीचं औषध कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे. पोलिसांच्या भीतीनं लपवाछपवी करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नं आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं आहे, आणि असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेचं कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत राहिलेलं नाही.

समुपदेशकानं काय करू नये, याची यादी छोटी आहे, पण बहुतेक तक्रारी तिथल्याच. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ‘हळूहळू बंद करू’ म्हणणं हे त्याचं काम नाही. लिथियम किंवा अँटिसायकोटिक अचानक सुटलं तर काय होतं, ते घरच्यांना विचारा. ‘नवऱ्याला सोड’ किंवा ‘मुलांसाठी सहन कर’ हे दोन्ही समुपदेशन नव्हे. आधी बायकोला वर्षभर एकटीला पाहिलं आणि मग तिच्याच सांगण्यावरून जोडप्याचं समुपदेशन सुरू केलं, तर नवरा पहिल्या मिनिटापासून दोघांविरुद्ध एकटा असतो. नातेवाईक, शेजारी, ऑफिसातला बॉस यांचा समुपदेशक होणंही नाही. कुणाला आवाज ऐकू येत असतील, चार-पाच दिवस झोप नसून उत्साह ओसंडत असेल, दारू सोडल्यावर हात थरथरत असतील, किंवा साठीनंतर स्वभाव अचानक पालटला असेल, तर सेशनची तारीख द्यायची नाही, डॉक्टरकडे पाठवायचं.

शाळांमध्ये वेगळाच घोळ होतो. मुलाला वाचता येत नाही म्हणून जवळच्या केंद्रात चाचणी होते, हजारो रुपये जातात, रंगीत अहवाल येतो, आणि दहावीच्या सवलतीसाठी तो कागद चालत नाही. राज्य बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतींसाठी अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र अधिकृत सरकारी किंवा महापालिका रुग्णालयाकडूनच लागतं. मुंबईत शीवच्या रुग्णालयात अशी क्लिनिक आहे. तिथे रांग असते, म्हणून आठवीतच नाव घालावं. बुद्ध्यांकाची चाचणीही कुणीही उठून करायची नसते. बिने-कामतचा संच विकत मिळतो, पण तो कसा द्यायचा आणि आकडा कसा वाचायचा याचं प्रशिक्षण लागतं. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. शाळा ती जागा कशी भरतात, ते पालकसभेत विचारून बघा. मराठीच्या बाईंनाच तीन दिवसांच्या शिबिराला धाडलं असेल, तर त्या बाईंवरही तो अन्याय आहे.

पैशाचं थोडक्यात. दहा सेशनचं ‘पॅकेज’ आगाऊ घेऊ नका. सहाव्याला थांबून काय बदललं ते दोघांनी तपासायचं असतं. कायद्यानं विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे, पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरचाच खर्च देतात, त्यामुळे ओपीडीचं कलम नसेल तर सेशनचे पैसे खिशातूनच. खिसा रिकामा असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं. जिल्हा रुग्णालयांतल्या मनोविकार विभागात केसपेपरच्या पैशात तपासणी होते. गर्दी असते, पाच मिनिटं मिळतात, तरी निदान आणि औषधं तिथे घेऊन बोलण्यासाठी दुसरीकडे जाणं ही अनेकांसाठी सगळ्यात परवडणारी जोडणी आहे.

आणि काही बिनसलंच, तर दाद कुठे मागायची तेही आधीच माहीत हवं. सायकिअॅट्रिस्टविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टविरुद्ध आरसीआय, सीआरआर क्रमांकासकट लेखी. समुपदेशकाची नोंद कुठेच नसेल तर त्याचं नाव काढून टाकायला वहीच नाही. तिथे २०१९ च्या कायद्याखाली ग्राहक आयोग उरतो, आणि शरीराला हात लावला असेल तर थेट पोलिस ठाणं. ग्राहक आयोगात पावती मागतात. म्हणून रोख असो की यूपीआय, प्रत्येक सेशनची पावती घ्या, आणि तिच्यावर पाटीवरचं नाव व पात्रता दोन्ही छापलेली आहेत ना, ते पाहा.